उन्हात वाचणारा जेरोम: रेम्ब्रांटने काम अर्धवट सोडलं का?

१६५३ च्या सुमारास डच चित्रकार रेम्ब्रांटने ॲम्स्टरडॅममध्ये तांब्याच्या पत्र्यावर एक चित्र काढलं. साधारण २६ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या ए-फोर कागदापेक्षा थोडं लहान. उतारावर, झाडापाशी एक म्हातारा पुस्तक वाचत बसला आहे. डोक्यावर रुंद काठाची टोपी, तिची सावली चेहऱ्यावर. मागे एक सिंह आपल्याकडे पाठ करून उभा आहे. त्याच्याही पलीकडे टेकाडावर इटलीच्या वळणाची घरं आणि एक पूल. घरांवर, झाडीवर, सिंहाच्या आयाळीवर रेषांचं दाट काम आहे. आणि ज्याचं हे चित्र आहे तो म्हातारा, संत जेरोम, जवळजवळ कोरा आहे. अंगरखा म्हणजे मोजक्या बाह्यरेषा. त्याच्या पायांकडची जमीन तर बहुतेक नुसता कागदच.

ठशावर, म्हणजे या पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्रावर, सही नाही, साल नाही. १६५३ हे साल अभ्यासकांनी शैलीवरून ठरवलं आहे.

प्रश्न सरळ आहे. हे चित्र पुरं झालेलं आहे, की मध्येच सोडलेलं? अठराव्या शतकात रेम्ब्रांटच्या ठशांच्या याद्या तयार होऊ लागल्या. पहिली सविस्तर यादी पॅरिसचे चित्रव्यापारी जेर्सां यांची, ती १७५१ मध्ये छापली गेली. जुन्या यादीकारांना या ठशाचं कोडंच पडलं होतं. कोणी त्याला ड्यूरर या आधीच्या जर्मन चित्रकाराच्या धाटणीचा म्हटलं, कोणी सरळ अपुरा म्हटलं. आजही मुद्राचित्रण शिकणाऱ्या मुलांपुढे हा ठसा ठेवला की हातात सुई धरलेला प्रत्येक जण तेच विचारतो: संताला करायचं राहिलं का?

मी एचिंग, म्हणजे तांब्यावरून असे ठसे काढण्याचं काम, करते आणि शिकवतेही, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे. माझं उत्तर आधीच सांगते: चित्र पुरं आहे, आणि संत पांढरा आहे म्हणूनच पुरं आहे. पण हे नुसतं आवडीनिवडीवर सोडून चालणार नाही. पुरावा तपासता येतो, आणि तो तपासताना एक कलाकार तांब्यावर कसा विचार करत होता हे दिसत जातं.

जेरोम आणि रेम्ब्रांटचं प्रोटेस्टंट शहर

जेरोम चौथ्या शतकातला. साधारण ३४७ च्या सुमारास जन्म, ४२० मध्ये बेथलेहेमला मृत्यू. तरुणपणी सीरियाच्या वाळवंटात एकांतात राहिला, नंतर रोममध्ये पोप दमासस यांचा सचिव झाला, आणि ३८६ पासून शेवटपर्यंत बेथलेहेमच्या मठात बसून लिहीत राहिला. बायबलचं लॅटिन भाषांतर हे त्याचं आयुष्यभराचं काम. सिंहाच्या पंजातला काटा काढल्याची गोष्ट मुळात गेरासिमस नावाच्या दुसऱ्याच साधूची. मध्ययुगात ती जेरोमच्या नावावर आली आणि सिंह त्याला कायमचा चिकटला. कार्डिनलची लाल टोपीही अशीच मागाहून आलेली. त्याच्या काळात ते पद आजच्या रूपात नव्हतंच.

चित्रकारांकडे जेरोमची दोन रूपं होती. एक अभ्यासिकेतला विद्वान: पुस्तकं, वाळूचं घड्याळ, कवटी, खिडकीतून येणारा उजेड. ड्यूररचं १५१४ चं एनग्रेव्हिंग (तांबं हत्याराने कोरून केलेला ठसा) हे त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. दुसरं रूप वाळवंटातल्या तपस्व्याचं: उघडा देह, हातात दगड, छातीवर आघात. बरोक काळाला, म्हणजे साधारण सतराव्या शतकाला, हे दुसरं रूप जास्त भावलं, कारण त्यात देह होता, भय होतं, पश्चात्ताप होता. नेपल्समध्ये रिबेराने १६२१ मध्ये जेरोमचं एचिंग केलं, त्यात अंतिम न्यायाची तुतारी कानी पडताच म्हातारा दचकून वळतो. अंगावरचा प्रत्येक स्नायू, प्रत्येक सुरकुती त्यात मोजून घ्यावी.

रेम्ब्रांटने या दोन्ही रूपांमधून स्वतःची वाट काढली. त्याचा जेरोम घराबाहेर आहे, पण तप करत नाही. वाचतो आहे, पण अभ्यासिकेत नाही. दचकत नाही, रडत नाही, वर आकाशाकडे पाहत नाही. पुस्तकात आहे, एवढंच.

हे कॅल्विनवादी, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या कडक पंथाच्या, ॲम्स्टरडॅममध्ये घडलं. १५७८ मध्ये तिथली सत्ता प्रोटेस्टंटांकडे गेली, कॅथॉलिक चर्चेस ताब्यात घेतली गेली आणि कॅथॉलिक लोक घरांच्या माळ्यांवर आणि आतल्या खोल्यांमध्ये प्रार्थनेला जमू लागले. सरकारी डच बायबल १६३७ मध्ये छापलं गेलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. अशा ठिकाणी संतांची पूजा चालत नसली, तरी मूळ ग्रंथ समोर घेऊन बसलेला भाषांतरकार दोन्ही पंथांना आपला वाटू शकत होता. रेम्ब्रांटच्या आईचं माहेर कॅथॉलिक, वडील सुधारित (प्रोटेस्टंट) पंथातले. जेरोमकडे रेम्ब्रांट पुन्हापुन्हा वळला. आजवरच्या याद्यांत त्याचे जेरोमचे सात ठसे आहेत, १६२९ च्या आसपासपासून या शेवटच्या ठशापर्यंत. मेरी आणि ख्रिस्ताचे प्रसंग बाजूला ठेवले, तर एकाच संताकडे त्याने ठशांत इतक्या वेळा पाहिलेलं दुसरं उदाहरण नाही.

तांब्यावरच्या रेषा

पुढचा पुरावा समजायला थोडं तंत्र सांगावं लागेल. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर देतात आणि सुईने त्या थरात रेघा ओढतात. हात हलका चालतो, कागदावर पेन चालावं तसा. मग पत्रा आम्लात बुडवला की उघडी पडलेली रेघ तेवढी खाल्ली जाते. ड्रायपॉइंटमध्ये थरही नाही, आम्लही नाही. टोकदार सुईने थेट तांबं खरवडायचं. पत्र्याला ड्रिल मारल्यावर भोकाच्या कडेला जी बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, उठते, तशीच बर या रेघेच्या काठावर उठते. शाई त्या बरीत अडकते आणि छापल्यावर रेघ मखमली, काळी, थोडी पसरट येते. पण प्रेसच्या दाबाखाली ही बर लवकर बसते. पहिल्या काही डझन प्रतींत जो काळा दिसतो, तो पुढे करडा होत जातो.

आपल्या ठशात दोन्ही तंत्रं आहेत. सिंहाची आयाळ, झाडी आणि सावलीच्या जागांना ड्रायपॉइंटचा गडदपणा आहे. जेरोमला ते जवळपास नाहीच. म्हणजे संत पांढरा राहिला तो हात थकला म्हणून नाही. जी सुई शेजारी सिंहावर खोल चालली, ती इथे चालवायची नाही असं ठरवलेलं दिसतं. एचिंग करणाऱ्याला ठाऊक असतं की ड्रायपॉइंट हे काम अखेरीस, प्रूफ म्हणजे चाचणी प्रत छापून पाहिल्यावर, कुठे वजन हवं हे कळल्यावर करायचं असतं. ज्या चित्राची मुख्य आकृती अजून ‘व्हायची’ आहे, त्याच्या कडेच्या सिंहावर कोणी ही शेवटची मेहनत घेत नाही.

यातली एक गोष्ट विद्यार्थ्यांना मी नेहमी करून पाहायला लावते. त्याच आकाराचा पत्रा घ्या, एका बाजूला गडद झाडी कोरा आणि मधली आकृती फक्त बाह्यरेषेत सोडा. दहापैकी नऊ जणांची आकृती खरोखरच अपुरी दिसते, कारण बाह्यरेषा घाबरत ओढलेली असते. ती वस्तूची कड दाखवते, अंग दाखवत नाही. रेम्ब्रांटची रेघ तुटते, पुन्हा सुरू होते, खांद्यापाशी जरा दाबते, गुडघ्यापाशी सोडून देते. कापडाच्या आत गुडघा आहे हे कळतं, आणि त्यावर ऊन पडलंय हेही. ही कमी रेघ जास्त सरावाची आहे.

सही नसणं म्हणजे काय?

‘अपुरं’ म्हणणाऱ्यांचं सगळ्यात जोरदार कारण सही नसण्याचं आहे. रेम्ब्रांट आपल्या ठशांवर वारंवार नाव आणि साल घालत असे. इथे नाही, म्हणजे काम संपलं असं त्याला वाटलंच नव्हतं.

या युक्तिवादाला दोन ठसे थेट उत्तर देतात.

पहिला त्याचा सगळ्यात नावाजलेला ठसा, ज्याला ‘शंभर गिल्डरचा ठसा’ म्हणतात (गिल्डर म्हणजे डच नाणं). तो १६४८ च्या सुमाराचा. ख्रिस्त मध्ये उभा, एका बाजूला अंधारातून येणारे आजारी आणि गरीब, दुसऱ्या बाजूला उजेडात वाद घालत बसलेले लोक. ती उजेडातली बाजू जवळजवळ निव्वळ रेघेत आहे, आत छायेचं काम फार थोडं. त्याच्यावरही सही नाही. तरी त्या ठशाला अर्धवट म्हणण्याचं धाडस कोणी करत नाही, कारण एका बाजूचं उघडं ऊन आणि दुसरीकडचा काळोख हाच त्याचा विषय आहे हे पाहताक्षणी पटतं.

दुसरा ठसा आपल्या प्रकरणाला याहून जवळचा. १६४८ चाच, आणि तोही जेरोमचाच. छाटलेल्या जुन्या विलो नावाच्या झाडाच्या खोडाशेजारी फळकुटाचं लिहायचं मेज करून जेरोम बसला आहे, आणि खोडामागून सिंहाचं तोंड डोकावतं. विलोचं खोड हे या चित्राचं वैभव: सालीच्या भेगा, गाठी, पोकळी, आणि वाळल्यासारख्या लाकडातून फुटलेली कोवळी डहाळी. जेरोम त्या मानाने फार थोड्या रेघांचा. इथे मात्र नाव आणि साल दोन्ही स्वच्छ कोरलेलं आहे. म्हणजे झाडाला सगळा वेळ द्यायचा आणि संताला थोडक्या रेघांत ठेवायचं, ही रचना त्याने स्वतः सही करून मान्य केली होती, आपल्या ठशाच्या पाचेक वर्षं आधी.

विलोखालचा जेरोम ही कल्पनाही त्याची एकट्याची नाही. ड्यूररने १५१२ मध्ये ड्रायपॉइंटमध्ये नेमका हाच प्रसंग केला होता: छाटलेलं विलो, फळीचं मेज, हात जोडलेला जेरोम, समोर सिंह. ड्यूररने ड्रायपॉइंट आयुष्यात अगदी मोजकी केली. रेम्ब्रांट ठशांचा मोठा संग्राहक होता. १६५६ मध्ये दिवाळखोरीत त्याच्या घरातल्या चीजवस्तूंची यादी झाली, तेव्हा त्यात ल्यूकस व्हान लेडन, मांतेन्या, तिशन या आधीच्या चित्रकारांच्या ठशांच्या बाडांची नोंद झाली. मागच्या माणसांनी जेरोमला कसं बसवलं होतं हे तो पाहून बसला होता. जुन्या यादीकारांना ड्यूररची आठवण झाली यात नवल नाही. फक्त त्यांनी ती वळणात शोधली; ती विषयाच्या मांडणीत आहे.

मागची घरं आणि टेकाड मात्र ड्यूररकडून आलेलं नाही. ते वेनिसच्या परंपरेतलं, तिशन आणि काम्पान्योला या इटालियन चित्रकारांच्या निसर्गचित्रांच्या वळणाचं. रेम्ब्रांट कधी इटलीला गेला नाही. ही इटली त्याने कागदावरून घेतली. सिंह मात्र खरा असावा असं वाटतं, कारण ॲम्स्टरडॅममध्ये पाहिलेल्या जिवंत सिंहांची त्याची रेखाटनं शिल्लक आहेत.

पैशाची अडचण

दुसरं कारण त्याच्या आयुष्यातून काढलं जातं. १६३९ मध्ये त्याने ब्रेस्ट्राटवरचं मोठं घर १३,००० गिल्डरला घेतलं आणि पैसे पुरते फेडले नाहीत. १६५३ च्या सुरुवातीला तगादा लागला. जानेवारीत कॉर्नेलिस विट्सन यांच्याकडून ४,१८० गिल्डर, मार्चमध्ये इसाक व्हान हर्ट्सबेक यांच्याकडून ४,२०० आणि यान सिक्स यांच्याकडून १,००० अशी उचल त्याने केली. तीन वर्षांत दिवाळं निघालं. मग असं म्हणतात की घाईत, चिंतेत पत्रा बाजूला पडला.

मला हे पटत नाही. त्याच १६५३ चं साल ‘तीन क्रूस’ या विशाल ड्रायपॉइंटवर आहे. तो पत्रा त्याने अवस्थेमागून अवस्था बदलत नेला. ज्या माणसाकडे त्या वर्षी त्यासाठी धीर होता, त्याला जेरोमच्या अंगरख्यावर चार आडव्या रेघा मारायला वेळ नव्हता हे पचत नाही. शिवाय कर्जबाजारी माणूस विकायचं काम संपवतो, सोडून देत नाही.

आणि हा ठसा विकायच्या तयारीनेच छापलेला आहे. त्याच्या उत्तम प्रती जपानी कागदावर आहेत.

जपानी कागद, आणि तोच मार्ग आपल्याकडे

१६४७ च्या आसपासपासून रेम्ब्रांट आपल्या निवडक प्रती जपानी कागदावर छापू लागला. हा कागद डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येई; १६४१ पासून जपानमध्ये डचांना नागासाकीजवळच्या देशिमा बेटावरून व्यापार करता येत होता. हा कागद मऊ आणि शोषक, हलक्या पिवळसर छटेचा. त्यावर कमी दाबातही शाई उतरते, त्यामुळे ड्रायपॉइंटची बर जास्त टिकते आणि काळा मखमली येतो. युरोपीय चिंध्यांच्या कागदापेक्षा महाग. अर्धवट पत्र्याची चाचणी प्रत काढायला कोणी असा कागद खर्च करत नाही. त्यासाठी हाताशी असलेला साधा कागद असतो.

पण खर्चापेक्षाही महत्त्वाचं आहे ते ऊन. पांढऱ्या युरोपीय कागदावर जेरोमचा कोरा भाग थंड, रिकामा दिसू शकतो. जपानी कागदाच्या उबदार पिवळसर छटेवर तोच भाग दुपारचा होतो. रेम्ब्रांटने कागद बदलून रंग बदलला, रेघ न बदलता. म्हणजे संताच्या अंगावर काम झालंच आहे, फक्त ते सुईने झालेलं नाही, कागदाच्या निवडीने झालं आहे.

डच ईस्ट इंडिया कंपनीचं नाव कोकणाला नवं नाही. १६३७ च्या सुमारास तिने विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी घेऊन वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे अवशेष अजून तिथे आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ती जागा मोक्याची होती. कागद वेंगुर्ल्याहून गेला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण जपान, बटेव्हिया (आजचं जकार्ता), सुरत, वेंगुर्ला आणि ॲम्स्टरडॅम एकाच हिशेबवहीत होते, आणि रेम्ब्रांटच्या टेबलापर्यंत पूर्वेचं जे पोहोचलं ते याच वाटेने.

पोहोचलेल्या गोष्टींत मुघल चित्रंही होती. १६५६ ते १६६१ च्या दरम्यान रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रांवरून सुमारे दोन डझन रेखाटनं केली, बहुतेक याच आशियाई कागदावर. त्यातल्या एकात चार वृद्ध झाडाखाली बसून बोलत आहेत. ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि त्याचं मूळ लघुचित्र व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात. त्याच बैठकीवरून त्याने १६५६ चा ‘अब्राहम आणि देवदूत’ हा ठसा बेतला. उलट वाहतूक याआधीच झाली होती. १५७९ मध्ये गोव्याहून निघालेले जेसुइट पाद्री पुढच्या वर्षी अकबराच्या दरबारात पोहोचले, सोबत सचित्र बायबल घेऊन, आणि युरोपीय ठसे मुघल चित्रशाळेत नकलले जाऊ लागले. केसूदास या चित्रकाराने त्या काळात अशाच एका इटालियन ठशावरून झाडाखाली डोळे मिटलेला संत जेरोम रंगवला. तो आज पॅरिसच्या गीमे संग्रहालयात आहे. रेम्ब्रांटने हे चित्र पाहिलं असण्याचं काही कारण नाही. पण झाडाखालच्या चिंतनमग्न म्हाताऱ्याला दोन्हीकडच्या चित्रकारांनी ताबडतोब ओळखलं, हे मला प्रकरणाच्या कडेला का होईना, सांगावंसं वाटतं.

तो परत आला तेव्हा

एखादा कलाकार पत्रा सोडून गेला की काही दिवसांनी परतला, हे ‘अवस्थां’वरून कळतं. पत्र्यात फेरफार करून पुन्हा छापलं की नवी अवस्था. आपल्या ठशाच्या दोन अवस्था ज्ञात आहेत. दोन्हींमधला फरक छोटा आहे: मागच्या पुलापाशी छाया वाढवली आहे. जेरोमला हात लावलेला नाही.

मला वाटतं, पूर्ण प्रकरणात यासारखा दुसरा पुरावा नाही. प्रूफ समोर होतं. पत्रा हातात होता, सुई हातात होती. त्याने पाहिलं आणि ठरवलं की पूल जरा मागे जायला हवा, उजेडाची कड पक्की व्हायला हवी. म्हणजे ज्या ठिकाणी त्याला उणीव दिसली, तिथे त्याने ती भरली. संतापाशी त्याला उणीव दिसली नाही. पुलाचा काळा वाढला की पुढचा पांढरा आणखी उजळतो, हे छापणाऱ्या कुणालाही माहीत असतं. दुरुस्ती मागे केली, पण ती पुढच्या माणसासाठीच होती.

याला जोड म्हणून हॅम्बुर्गच्या कुन्स्टहालेमधलं रेखाटन. रेम्ब्रांट बहुतेक ठसे पत्र्यावरच विचार करत काढी. ठशासाठी थेट तयारीचं रेखाटन त्याच्याकडे क्वचित आढळतं. या ठशासाठी ते आहे. जेरोम आणि सिंह त्याने आधी पेन आणि ब्रशने कागदावर बसवून पाहिले होते. म्हणजे ही आकृती ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेली नव्हती. उलट तिच्यापासूनच चित्र सुरू झालं.

शेवटी एक साक्ष तोंडी आहे आणि तिचं वजन जपून करायला हवं. चरित्रकार आर्नोल्ड हाउब्राकेन यांनी १७१८ मध्ये तक्रार केली की रेम्ब्रांट कामं अर्धी सोडायचा. आणि त्याचं उत्तरही नोंदवलं, की कलाकाराचा हेतू साधला की काम पुरं होतं. हाउब्राकेन १६६० मध्ये जन्मले, म्हणजे रेम्ब्रांट वारला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पण त्यांचे गुरू साम्युएल व्हान होखस्ट्राटन हे रेम्ब्रांटचे शिष्य. तेव्हा ही ऐकीव गोष्ट असली तरी घरातली आहे. एकटी असती तर मी तिच्यावर फार टेकले नसते. पत्र्याचा पुरावा तेच बोलतो म्हणून तिला जागा देते.

पांढऱ्यात काय आहे

आता मुख्य गोष्ट. चिंतनात असलेला माणूस चित्रात दाखवायचा कसा? बरोक चित्रकारांचा नेहमीचा मार्ग म्हणजे वर वळलेले डोळे, उघडे ओठ, ढगांतून येणारा उजेडाचा झोत. आत जे चाललंय ते चेहऱ्यावर आणून ठेवायचं. रेम्ब्रांटने स्वतः १६४२ च्या ठशात वेगळी वाट पाहिली होती: अंधारी खोली, एक खिडकी, डोकं हातावर टेकवून बसलेला जेरोम. खोली इतकी काळी की जिना आणि कवटी शोधावी लागते. तिथे चिंतन म्हणजे काळोख होता.

दहा-बारा वर्षांनी त्याने ते उलटं केलं. जेरोमला उन्हात आणलं, आणि काळोख सिंहाला आणि घरांना दिला. आपण ठसा पाहतो तेव्हा नजर आधी गडद भागांकडे जाते: आयाळ, झाडी, टेकाड. तिथे बघायला पुष्कळ आहे. फिरत फिरत नजर जेरोमपाशी येते आणि तिथे अडकण्यासारखं काही नाही. ना सुरकुती, ना वस्त्राचा पोत. चेहऱ्यावर टोपीची सावली, तीही थोडी. उरतं ते एवढंच की एक माणूस वाचतो आहे. आपण त्याला निरखावं अशी सोयच ठेवलेली नाही, जशी मग्न होऊन वाचणाऱ्याकडे निरखून पाहण्याची सोय नसते. त्याला तुम्ही आहात हे माहीतच नसतं.

सिंह या ठिकाणी फार महत्त्वाचा आहे. इतर चित्रांत तो पायाशी झोपतो किंवा आपल्याकडे पाहतो. इथे त्याने आपल्याकडे पाठ केली आहे आणि तो दूर, घरांकडे बघतो. पहारा त्याच्याकडे आहे. जगाकडे लक्ष ठेवायचं काम सिंहाने घेतलं, म्हणून म्हातारा पुस्तकात शिरू शकला. चित्रातला सगळा तपशील सिंहाच्या नजरेच्या दिशेला आहे, आणि सगळं ऊन पुस्तकाच्या दिशेला. जेरोमच्या अंगरख्यावर घड्या आणि छाया भरल्या असत्या, तर तोही त्या तपशिलांतला एक झाला असता. सिंहाने राखलेल्या जगात परत आला असता.

म्हणून मी म्हणते की इथे काम सोडलेलं नाही, थांबवलेलं आहे. थांबणं ही एचिंगमधली सगळ्यात अवघड गोष्ट. कागदावर रबर आहे, कॅनव्हासवर वरून रंग आहे. तांब्यावर जास्तीची रेघ घासून काढायला दिवस जातो आणि खूण तरी राहते. त्या वयात, त्या सरावाच्या माणसाने इतका मोठा भाग कोरा ठेवून प्रूफ काढलं, पाहिलं, आणि तसाच ठेवला.

जिथे शंका उरते

विरुद्ध बाजूचं एक म्हणणं मला पूर्ण बाजूला सारता येत नाही. ठशाचा अगदी खालचा भाग, जेरोमच्या पुढची जमीन. तिथल्या काही रेघा मला ऊनही वाटत नाहीत आणि जमीनही. जागा आखून ठेवल्यासारख्या दिसतात. संताचं पांढरं मी ठामपणे मांडेन, या पट्टीचं तितक्या ठामपणे नाही. शक्य आहे की त्याने वरचं साधल्यावर खालचं तसंच जाऊ दिलं. ‘हेतू साधला’ आणि ‘प्रत्येक इंच भरला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्यासाठी दुसरीची गरज त्याला वाटली नसावी.

आणि हे ‘अपुरं’ लेबल चिकटलं कसं, याचंही एक कारण मला तंत्रात दिसतं. बर बसली की सिंहाची आयाळ करडी होते, झाडी पातळ होते. मागचा काळा उतरला की पुढच्या पांढऱ्याला तोलणारं काहीच उरत नाही. उशिराच्या प्रतीत, त्यातही पांढऱ्या कागदावर, जेरोम खरोखरच करायचा राहून गेल्यासारखा दिसतो. अठराव्या शतकातल्या संग्राहकांच्या हाती अशा झिजलेल्या प्रती येणं सहज शक्य होतं, आणि नंतर पुस्तकांतल्या करड्या छपाईने उरलेलं काम केलं. त्यांचं मत त्यांच्या समोरच्या कागदापुरतं प्रामाणिक होतं.

म्हणून हा ठसा तपासायचा तर प्रत आधी तपासावी. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपल्या ठशांची मोठ्या आकाराची छायाचित्रं विनामूल्य खुली केली आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनचा संग्रहही घरबसल्या बघता येतो. जी प्रत उघडाल तिचा कागद कोणता आणि अवस्था कोणती हे नोंदीत वाचा. मग जेरोमकडे न पाहता आधी सिंहाची आयाळ मोठी करून बघा. रेघेच्या कडा जर मऊ, पसरट आणि खोल काळ्या असतील, तर प्रत लवकरची आहे आणि जेरोमबद्दल मत बनवायला ती चालेल. आयाळीच्या रेघा सुट्या आणि कोरड्या दिसत असतील, तर ती प्रत बाजूला ठेवून दुसरी शोधा.